अँटी-आयजीजी नको, अँटी-व्हीएचएच बघा
प्रश्न असा, की उंटाची नॅनोबॉडी (उंटाच्या अँटिबॉडीचा छोटा तुकडा, यालाच व्हीएचएच म्हणतात) ओळखायला नेहमीची अँटी-आयजीजी, म्हणजे पूर्ण अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी, चालेल का. चालणार नाही असंच धरा. आमच्या रत्नागिरीच्या लॅबमध्ये दोन ब्लॉट (प्रथिन ओळखायच्या चाचणीच्या पट्ट्या) कोरे आले तेव्हा कळलं, ती अँटी-आयजीजी एफसी भाग, म्हणजे पूर्ण अँटिबॉडीचा देठ, पकडणारी होती. जेमतेम १५ किलोडाल्टनच्या व्हीएचएचला एफसी नसतोच. लेबलवर 'अँटी-व्हीएचएच' असेल तीच घ्या, नाहीतर नॅनोबॉडीला हिस टॅग (ओळखीसाठी जोडलेली हिस्टिडीनची छोटी शेपटी) असेल तर त्यावर अँटी-हिस. टॅग प्रथिनाच्या शेवटच्या, म्हणजे सी-टोकाला हवा; सुरुवातीचं एन-टोक अँटीजेन (ज्याला अँटिबॉडी चिकटते ते) धरणाऱ्या बाजूला येतं.

पावसात आपल्याकडे वीज सारखी जाते-येते, त्यात फ्रीझरमधली अँटिबॉडी गोठून-वितळून खराब होते. निम्मं ग्लिसरॉल असलेली मात्र उणे २० अंशांतही गोठत नाही, म्हणून हा त्रास टळतो.

आणि हो, मुशी (शार्क) माशातही अशी एकडोमेन, म्हणजे एकाच तुकड्याने अँटीजेन धरणारी, अँटिबॉडी सापडते, पण तिची रचना निराळी. उंटासाठीची अँटी-व्हीएचएच तिला लागू होईल असं समजू नका.