‘केअर’ला काय म्हणावं : संगोपन, निगा की देखभाल?

मुळाकाठ :
समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठीच्या एका त्रैमासिकाकरता स्कॉटलंडवरचा लेख मराठीत आणतेय. तिथल्या सरकारने प्रौढांसाठी, म्हणजे मुख्यतः वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी, ‘नॅशनल केअर सर्व्हिस’ काढायचं ठरवलं होतं. लेखाचा प्रश्न असा, की मुलांचं सगळं कामही (घरात धोका असलेली, नातेवाइकांकडे ठेवलेली, बालगृहातली मुलं) त्याच मध्यवर्ती यंत्रणेत घालावं की स्थानिक कौन्सिलांकडेच राहू द्यावं.

मी ‘राष्ट्रीय संगोपन सेवा’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘राष्ट्रीय देखभाल सेवा’ केलं, आणि ‘चिल्ड्रन्स सर्व्हिसेस’चं ‘बालसेवा’. देखभाल म्हटलं की मला लिफ्टचं वार्षिक कंत्राट आठवतं. आणि बालसेवा म्हणजे बालकांची सेवा की बालकांनी केलेली? काय वापरावं?

शुद्धमती :
देखभाल हा शब्द हिंदीतून आलाय, तो टाळाच. आपल्याकडे जोपासना, निगा, देखरेख असे शब्द असताना उसनवारी कशाला? ‘निगा राखणे’ किती सुंदर आहे. आमची आजी म्हणायची, “पोर निगेनं वाढवलंय.”

अनुस्वार :
शुद्धमती, निगा फारसी ‘निगाह’वरून आलेला आहे. तो चालतो, मग देखभालने काय घोडं मारलंय? ‘रुग्णाची देखभाल’ मी लहानपणापासून वाचतोय. शब्द कुठून आला यापेक्षा लोक तो कशासाठी वापरतात ते बघा. मुळाकाठ यांची अडचणही तीच आहे: देखभाल इमारतीची, यंत्राची, फार तर आजाऱ्याची. लेकराची देखभाल कोणी करत नाही, त्याला सांभाळतात.

सदाफुली :
‘काळजी’ का नको? कायद्याच्या मराठीत ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असंच आहे. शिवाय काळजी हा काळजातून आलेला शब्द आहे असं मला कायम वाटत आलंय.

अनुस्वार :
नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावू नका, सदाफुली. शिवाय काळजी ‘घेतात’ तशी काळजी ‘वाटते’ आणि ‘लागते’सुद्धा. ‘राष्ट्रीय काळजी सेवा’ वाचून देशाला कसलीतरी काळजी लागलीय असंच वाटेल.

उत्तरसमुद्र :
मी स्कॉटलंडमध्ये मुलांच्या टीममध्ये सोशल वर्कर आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. शब्द निवडताना याचा उपयोग होईल.

फेब्रुवारी २०२१च्या फीली अहवालाचा (सरकारने करवून घेतलेल्या स्वतंत्र आढाव्याचा) विषय फक्त प्रौढांसाठीची ‘केअर’ हा होता. त्याच ऑगस्टमध्ये सरकारने मतं मागवली तेव्हा मुलांचं काम आणि गुन्हेगारांसाठीचं समाजकार्यही त्यात जोडलं. मुलांबद्दलचा मोठा अहवाल, ज्याला इथे ‘द प्रॉमिस’ म्हणतात, २०२० मध्ये नुकताच आला होता. साडेपाच हजारांहून अधिक अनुभव ऐकून तो तयार झाला आणि २०३०पर्यंत तो पाळायचा शब्द सरकारने दिलाय. आमच्यातल्या अनेकांना वाटलं की त्या कामाला जरा लय येत होती, तेवढ्यात घरच हलवायला निघाले.

पण दुसरी बाजूही खरी आहे. आई व्यसनमुक्तीच्या उपचारांवर असते, ती प्रौढांच्या सेवेकडे. मूल माझ्याकडे. आईचा डोस बदलला, ती आठवडाभर उपचाराला गेलीच नाही, हे मला कळायला फोनावर फोन करावे लागतात. मुलगा अठराचा झाला की त्याची फाईल दुसऱ्याच लोकांकडे जाते आणि त्याला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. एकच यंत्रणा असेल तर ही फट बुजेल, असं म्हणणाऱ्यांना मी खोटं ठरवू शकत नाही. मात्र शाळा कौन्सिलकडे आहेत. मुलांचं समाजकार्य तिथून उचललं की फट शाळेच्या बाजूला पडेल, आणि मार खाल्लेलं मूल सगळ्यात आधी कोणाच्या नजरेस पडतं? वर्गातल्या बाईंच्या. माझं मत विचाराल तर मुलं कौन्सिलकडेच राहावीत.

आता शब्द. इथे १९९५च्या कायद्यापासून ‘लुक्ड आफ्टर’ मूल म्हणतात. त्यात स्वतःच्या आईवडिलांच्या घरी राहणारी, पण देखरेखीचा आदेश असलेली मुलंही येतात. म्हणून ‘बालगृहातील मुले’ असं भाषांतर झालं तर ते चूक आहे.

गोदातीर :
मी परिविक्षा अधिकारी (अशा मुलांची चौकशी आणि देखरेख करणारा) म्हणून निवृत्त झालो, मराठवाड्यात. मुळाकाठताई, ‘संगोपन’ मनातून काढून टाका. शब्द उत्तम, पण आमच्याकडे बालसंगोपन योजनेमुळे (मुलांसाठी दरमहा मिळणारी सरकारी मदत) त्याचा अर्थ आता हप्ता असा झालाय. दर महिन्याला बाया कार्यालयाच्या पायरीवर यायच्या, नवरा गेलेल्या, कडेवर एक आणि हाताशी एक. पिशवीतून पासबुक काढायचं, सोबत शाळेचा दाखला, आणि प्रश्न ठरलेला: “साहेब, संगोपन आलं का?” तुमचा लेख वाचणारी पोरं उद्या अशाच कार्यालयांत बसणार आहेत.

केंद्रीकरणाबद्दलही सांगतो. चाइल्डलाइन, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा फोन, १९९६ साली मुंबईत सुरू झाली ती स्वयंसेवी संस्थांच्या जोरावर. २०२३मध्ये १०९८ सरकारी यंत्रणेत गेला आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडला गेला. नंबर तोच राहिला. पण पूर्वी फोन उचलणारी मुलगी बऱ्याचदा त्याच जिल्ह्यातली असायची, तिला कोणत्या वस्तीत कोणाला हाक मारायची ते ठाऊक असायचं. ही ओळख आदेश काढून तयार होत नाही. मध्यवर्ती यंत्रणेला माझा विरोध नाही, एक कायदा आणि एक दर्जा हवाच. फक्त ओळखीचा माणूस टिकेल याची सोय आधी लिहून घ्या.

शुद्धमती :
गोदातीरकाका, तुमचा अनुभव मान्य. पण एका योजनेने शब्द बिघडला म्हणून तो टाकायचा का? संगोपन ‘गुप्’ धातूपासून आहे, राखणे, जपणे. इतका नेमका शब्द सोडून ‘केअर’ लिहायचं?

गोदातीर :
बाई, शब्द मी बिघडवला नाही. ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्या तोंडी आज जो अर्थ आहे तो सांगितला.

सदाफुली :
धातूंवरून आठवलं, ‘शुश्रूषा’चा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. उत्तरसमुद्र यांनी सांगितलेल्या अहवालात हजारो अनुभव ऐकले, तर हाच शब्द का नाही?

अनुस्वार :
कारण ‘शुश्रूषा’ म्हटलं की मराठी माणसाला खाटेवरचा रुग्ण दिसतो. म्हाताऱ्यांच्या सेवेला चालेल, धडधाकट बारा वर्षांच्या पोराला नाही. मला तर यात मूळ वादाचंच उत्तर दिसतं. इंग्रजीत दोन्हींना ‘केअर’ म्हणतात म्हणून दोन्ही एका खात्यात बसवायची कल्पना सुचते. मराठीत ती सुचलीच नसती.

उत्तरसमुद्र :
नाही पटत, अनुस्वार. कल्पना ‘केअर’ या शब्दामुळे आली नाही. पैसा, दर्जातली तफावत आणि बत्तीस कौन्सिलांचे बत्तीस कारभार यांतून आली. आणि तुमच्याकडे मराठीत वेगळे शब्द असूनही मुलांचं काम समाजकल्याण खात्यातच होतं की, महिला व बालविकास विभाग वेगळा झाला तो १९९०च्या दशकात. शिवाय इथे एकच एक पद्धत नाही. काही भागांत मुलांचं काम आरोग्याच्या संयुक्त मंडळाकडे आहे, काही भागांत नाही. हायलँड या भागात २०१२मध्ये प्रौढ आरोग्यसेवेकडे आणि मुलं कौन्सिलकडे, अशी सरळ वाटणी झाली. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३मध्ये हे सगळं तपासलं, तेव्हा नुसती रचना बदलल्याने मुलांचं भलं होतं असा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही.

मुळाकाठ, लेख जुना असेल तर एक दुरुस्ती करा. जानेवारी २०२५मध्ये सरकारने मध्यवर्ती सेवेचा भागच सोडून दिला आणि उरलेल्या विधेयकाचा कायदा झाला. आणखी एक, ‘राष्ट्रीय’ म्हणजे इथे स्कॉटलंडपुरतं. मराठी वाचक ते ब्रिटनचं समजेल.

मुळाकाठ :
सगळ्यांचे आभार. ‘नॅशनल केअर सर्व्हिस’ हे नाव आहे तसंच देवनागरीत ठेवते आणि आत प्रौढांसाठी ‘देखभाल’, मुलांसाठी ‘सांभाळ’ वापरते. ‘लुक्ड आफ्टर’ला ‘शासनाच्या जबाबदारीतील मूल’ चालेल? आणि जाता जाता: ‘फॉस्टर पालकां’ना (दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्यांना) ‘प्रतिपालक’ लिहिलंय.

शुद्धमती :
नाव देवनागरीत ठेवणं म्हणजे हात टेकणं आहे. ‘प्रतिपालक’ मात्र छान. प्रतिपाळ करणारा.

सदाफुली :
मला तो खटकतो. प्रतिस्पर्धी, प्रतिपक्ष यांतला ‘प्रति’ ऐकू येतो. आधीच खऱ्या आईबापांना वाटत असतं की हे लोक आपलं लेकरू हिरावणार.

अनुस्वार :
आणि प्रतिनिधी? त्यातला ‘प्रति’ विरोधी नाही, बदलीचा आहे.

गोदातीर :
आदेशात ‘प्रतिपालक’ छापलेलं असतं, ते समोरच्याला समजत नाही. मी तोंडी “सांभाळणारे” म्हणायचो. मुलं काका-मावशी म्हणतात. ‘शासनाच्या जबाबदारीतील मूल’ही लांब आहे. आमच्या रजिस्टरला ‘समितीचं पोर’ म्हणायचे, म्हणजे बालकल्याण समितीपुढे आलेलं. ते लिहू नका, पण त्यात पोर कोणाच्या नावावर आहे ते तरी कळायचं.

सदाफुली :
‘नावावर’ पोर? जमीन आहे का ती, काका?

गोदातीर :
कोर्ट तर ‘ताबा’ म्हणतं. त्याचं काय करायचं ते आधी सांगा.