मदत हवी आहे: 'पुशी' माणसाला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एका अनुवादात इंग्रजी 'पुशी' या विशेषणाशी अडलंय. स्वतःचं घोडं पुढे दामटण्यासाठी समोरच्याला रेटत राहणाऱ्या माणसाला ते लावतात. गळ्यात पडणारा विक्रेता 'पुशी', मुलांना स्पर्धेत ढकलणारे पालकही 'पुशी'. सूर नाराजीचाच.

'महत्त्वाकांक्षी' म्हटलं की कौतुक होतं. 'आक्रमक' फलंदाज ही तर स्तुतीच. 'आगाऊ' लहान मुलांना शोभतं. 'पुढे पुढे करणारा' बराच जवळचा वाटतो, पण त्यात वरिष्ठांची मर्जी राखण्याची छटा येते. 'पुशी' माणूस वरिष्ठांनाही रेटतो. इंग्रजीतलाच 'कटथ्रोट' (गळेकापू) फारच निर्दय, आणि तो बहुधा स्पर्धेला लावतात.

माझ्या मजकुरात हा शब्द एका सहकारी स्त्रीबद्दल येतो. असं वागणाऱ्या पुरुषाला बरेचदा 'असर्टिव्ह', म्हणजे ठामपणे मत मांडणारा, म्हणून सोडून देतात, म्हणून तिच्यावरचा तो डंख अनुवादात उतरायलाच हवा.

बोलीत यासाठी एखादा नेमका शब्द आहे का? वाक्यात वापरून दाखवलात तर फार मदत होईल.