शब्दचर्चा: अनुशेष, तूट की तफावत?

तळटीप: जिल्हावार विकासावरचा एक इंग्रजी शोधनिबंध मराठीत आणतोय. एकाच तक्त्यात ‘गॅप’ आणि ‘बॅकलॉग’ असे शेजारीशेजारी रकाने आहेत. दोन्हींना ‘अनुशेष’ म्हटलं तर तक्त्याला अर्थच उरत नाही. संपादकांचं मत, अनुशेष हा सरकारी शब्द आहे, टाळा. काय करावं?

दशांशचिन्ह: सरकारी कसला? विदर्भ-मराठवाड्यात तो टपरीवर बोलला जातो. ‘गॅप’ला तफावत म्हणा. तफावत दोन्ही बाजूंची असू शकते, अनुशेष फक्त खालच्या बाजूचा. प्रादेशिक असमतोल तपासायला नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली हेच केलं: राज्याची सरासरी काढली, जे जिल्हे तिच्या खाली त्यांची तूट मोजली, वरच्यांचं आधिक्य त्यातून वजा केलं नाही. मग ती भौतिक तूट त्या वेळच्या खर्चाने रुपयांत बदलली. बेरीज सुमारे ३,१८७ कोटी: विदर्भ १,२४७, मराठवाडा ७५१, उर्वरित महाराष्ट्र १,१८९. तुमच्या बॅकलॉगच्या रकान्यात शून्यं दिसतायत का बघा.

तळटीप: आहेत. पण एका जिल्ह्यात तफावत सरासरीच्या वर आणि तरीही बॅकलॉग दाखवलाय. छपाईची चूक?

गोदाकाठ: साधा ‘थकबाकी’ शब्द असताना हे संस्कृत लचांड कशाला? अनु म्हणजे मागून, शेष म्हणजे उरलेलं. मागे राहिलं ते अनुशेष. बाकी म्हटलं की विषय संपला.

दशांशचिन्ह: क्रियापद बघा ना. थकबाकी वसूल करतात, अनुशेष भरून काढतात. थकबाकी म्हटलं की कुणीतरी ऋणको ठरतो, तारीख ठरते, व्याज येतं. (खरं तर भांडण त्याचंच आहे, पण समितीच्या अहवालात तसं लिहिता येत नाही.)

बिंदुनामावली: आमच्याकडे अनुशेष म्हणजे आरक्षित पदांचा. न भरलेली पदं जशीच्या तशी पुढे ओढली जातात. दहा राहिली तर दहाच.

दशांशचिन्ह: आणि प्रादेशिक अनुशेषात दहाचे दहा राहत नाहीत, मेख तिथेच आहे. तीन सारखे जिल्हे घ्या, दर १०० चौ. किमीमागे रस्ते ४०, ६०, ८० किमी. सरासरी ६०, अनुशेष २०. पहिल्यात २० बांधले, झाले ६०, ६०, ८०. आता सरासरी ६६.६७, म्हणजे पुन्हा दोन जिल्हे मिळून सुमारे १३ चा अनुशेष, आणि काल काठावर असलेला दुसरा जिल्हाही त्यात आला. एक पैसा न खाता, एक दिवस न दवडता! म्हणून पुढे तो एका तारखेला बांधावा लागला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं १९९४ साली आली, त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने त्या सालच्या स्थितीवर सुमारे १४,००७ कोटी काढले. @तळटीप, तुमच्या जिल्ह्याचं कोडं इथेच सुटेल. तफावत आजची असणार, बॅकलॉग मूळ वर्षाचा. तळटीपा वाचा (नाव तेच आहे तुमचं).

पाटकरी: सिंचनात आणखी एक खोच आहे. हेक्टरला हेक्टर लावत नाहीत. हेक्टरभर ऊस हेक्टरभर रब्बी ज्वारीच्या कितीतरी पट पाणी पितो, म्हणून आधी सगळं ‘प्रमाण रब्बी समतुल्य’ करतात, मग निव्वळ पेरणी क्षेत्राने भागतात. छेद बदला, लोकसंख्या घ्या, जिल्ह्यांचा क्रमच फिरतो. तक्त्यात छेद कुठला, हे शब्दाआधी विचारा. आणि हो, ‘अनुशेष वाढला’ ही बातमीतली वाक्यरचना बहुतेकदा चुकीची. एका तारखेला बांधलेल्या अनुशेषात हेक्टर वाढत नाहीत, ते भरायचा खर्च वाढतो.

गोदाकाठ: म्हणजे थकबाकीच झाली की. व्याजासकट!

खाडीपलीकडे: सगळे अनुशेषावर बोलतायत, ‘उर्वरित महाराष्ट्र’ कुणाला खटकत नाही? घटनेच्या ३७१(२) मध्ये तशीच विभागणी आहे, मान्य. पण कोकण, नाशिक, पुणे एका पिशवीत, आणि पिशवीवर लिहिलंय ‘उरलेलं’. सरासरी काढली की पुण्याच्या आकड्याखाली सिंधुदुर्ग झाकला जातो.

गोदाकाठ: उर्वरित हे ‘उर्वरा’वरून. सुपीक जमीन. ऊसपट्ट्याला शोभतं.

बिंदुनामावली: काहीही! उर्वरा वेगळी. उर्वरित आणि ‘उरणे’ एका घरातले.

पाटकरी: झाकला जाण्याबद्दल: दांडेकरांचं एकक जिल्हा होतं, विभाग नव्हे. बेरीज विभागवार नंतरची. सिंधुदुर्ग झाकला गेला तर तो शब्दामुळे नव्हे, वाटपाच्या पायरीवर. जिल्ह्याच्या आत तालुका झाकला जातो, त्याचं काय?

खाडीपलीकडे: शब्दामुळेच. नाव नसलेल्या प्रदेशासाठी मोर्चा काढून बघा.

तळटीप: मूळ वर्ष १९९४च निघालं, आभार. ‘तफावत’ आणि ‘१९९४चा अनुशेष’ असे रकाने केले, तर संपादकांनी दुसरा खोडून ‘थकबाकी’ लिहिलंय. आता पुढचं पान. ‘स्पेशिअल पॅटर्न’ (spatial, जागेनुसार दिसणारी मांडणी). अवकाशीय म्हटलं की लोकांना उपग्रह दिसतात, स्थानिक म्हटलं की नगरपालिका.

गोदाकाठ: संपादकांचा पत्ता द्या, पेढे पाठवतो.

बिंदुनामावली: ‘क्षेत्रीय’?

पाटकरी: क्षेत्रीय म्हणजे शेती क्षेत्र, उद्योग क्षेत्र. गोंधळ होईल.