प्रतिसाद: बाविशीत संपणारी कारकीर्द

भाऊ, रिदमिक जिम्नॅस्टिक्सबद्दल (रिंग, रिबन घेऊन संगीतावर करायची जिम्नॅस्टिक्स) 'बाविशीत संपणाऱ्या खेळात पोरीला कशाला घालायचं, त्यापेक्षा कबड्डी बरी,' असं तुम्ही वर म्हणालात. वयाचं खरं आहे. रशियाच्या एव्हगेनिया कानाएवाने २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णं जिंकली आणि २२व्या वर्षी थांबली. पण सीनियर गटात उतरतात १६व्या वर्षी, म्हणजे पाया सहा-सात वर्षांची असतानाच घालावा लागतो. तेवढी वर्षं काय कमी झाली?

आणि चुकीला माफी नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये रशियाच्याच अलिना काबाएवाची रिंग निसटून कार्पेटबाहेर गेली, सुवर्णाचं कांस्य झालं. सुवर्ण मिळालं ते चार वर्षांनी, अथेन्सला. दीड मिनिटाचा तर खेळ!

आपल्याकडची अडचण मात्र वेगळीच. सीनियरची रिबन ६ मीटर लांब, ती सतत हलती ठेवायची. साध्या पंख्याच्या वाऱ्यानेही भरकटते, मग गाठ पडते. आता मे महिन्यात जळगावात पंखा बंद करून सराव करून दाखवा! शिवाय १३ बाय १३ मीटरची मोकळी जागा हवी. आपल्याकडे एवढ्या हॉलमध्ये लग्नं लागतात. मग दहावी आली की पोरी सोडून देतात. (माझी भाची त्यातलीच.)

भुसावळ-धुळ्याकडे पहाटेच्या गारव्यात हॉल उघडून देणारं कोणी माहीत असेल, तर इथे नक्की कळवा.