मदत हवी आहे: फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या स्ट्रिंग क्वार्टेटचं (दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठीच्या रचनेचं) कुठलं रेकॉर्डिंग घ्यावं?

क्वार्टेतो इतालियानोचं १९६५ चं आणि एबेन क्वार्टेटचं २००८ चं, अशी दोन वादकगटांची रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकली. प्रश्न दुसऱ्या भागाचा आहे. तिथे व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या सुरांचा) गजाने तीच छोटी धून घोळवत राहतो, बाकीचे तिघे तारा बोटांनी छेडतात. छेडलेला सूर झटकन उठतो नि विझतो. माइक फार जवळ असला की तोच पुढे येतो आणि व्हायोला झाकला जातो. लांब नेला तर सभागृहाची गुंज छेडण्याची धार खाते. पुढच्या संथ भागात वाद्यांवर म्यूट (आवाज दाबणारा छोटा चिमटा), म्हणून आवाज वाढवावा लागतो.

हेडफोनवर व्हायोला स्वच्छ ऐकू येईल असं रेकॉर्डिंग कुणाचं? वर्षही नक्की सांगा. सदस्य बदलला की व्हायोलाचा बाज बदलतो. एबेनमध्ये व्हायोलावर २०१७ पासून मारी शिलेम आहेत, २००८ मध्ये माथ्यू हर्झोग होते.