विनामूल्य दिलेल्या सॉफ्टवेअरच्या दोषाची भरपाई कोणी द्यावी?

रावपुरेकर (धागाकर्ते)

सदोष उत्पादनांच्या दायित्वाविषयी युरोपीय संघाचा १९८५ सालचा निर्देश मागे पडून २०२४ मध्ये संमत झालेला नवा निर्देश त्याची जागा घेत आहे. सदस्य देशांनी ९ डिसेंबर २०२६ पर्यंत तो आपापल्या कायद्यांत उतरवायचा आहे. त्यानुसार सॉफ्टवेअर, मग ते यंत्रात बसवलेले असो वा इंटरनेटवरून उतरवून घेतलेले, स्पष्टपणे उत्पादन मानले जाईल. त्याच्या दोषामुळे कोणी दगावले, जखमी झाले, मालमत्तेची हानी झाली किंवा खासगी वापरातला डेटा नष्ट झाला, तर निर्मात्याचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई मागता येईल आणि ही जबाबदारी करारातल्या कलमाने झटकता येणार नाही.

दिवसा नोकरी करून रात्री मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असे) लिहिणाऱ्या बडोद्यातल्या आमच्या मंडळींत यामुळे धास्ती पसरली आहे. 'कोणतीही हमी नाही' हे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचलित परवान्यातले कलम आता कुचकामी ठरणार, असे काही जण धरून चालले आहेत. मात्र व्यापारी व्यवहाराबाहेर विकसित केलेले किंवा पुरवलेले मुक्त सॉफ्टवेअर या निर्देशाने आपल्या कक्षेतून वगळले आहे, आणि असा कोड एखाद्या कारखानदाराने आपल्या उत्पादनात बसवला तर दायित्व त्या कारखानदाराचे, मूळ लेखकाचे नव्हे, असेही त्याच्या प्रस्तावनेत नमूद आहे.

मला ही रेषा योग्य वाटते. रस्त्यावर कोणी पाणपोई घातली आणि शेजारच्या हॉटेलवाल्याने तिथलेच पाणी बाटलीत भरून विकले, तर गिऱ्हाइकाला जाब देण्याची जबाबदारी हॉटेलवाल्याची आहे. दायित्व मोबदल्याच्या मागे जावे. भारतातही पुढेमागे सॉफ्टवेअरसाठी असा नियम होईल तेव्हा हीच रेषा राखली जावी, असे माझे मत आहे.

वाडीकर

असहमत. पाणपोईच्या रांजणात पाल पडली आणि माणसे आजारी पडली, तर 'आम्ही पैसे कुठे घेतले होते?' हे उत्तर गावात कोणी ऐकून घेत नाही. ज्याला इजा झाली त्याच्या दृष्टीने कोडची किंमत किती होती हा प्रश्न गैरलागू आहे.

दुसरे असे की मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे रात्री जागून काम करणारा एकटा स्वयंसेवक, हे चित्र अर्धेच खरे आहे. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, भर घालणाऱ्यांपैकी बहुतेक जण कंपन्यांचे पगारी कर्मचारी आहेत. कंपनी कोड विनामूल्य खुला करते आणि त्याभोवती सशुल्क सेवा विकून नफा कमावते. अशा वेळी 'व्यापारी व्यवहाराबाहेर' हे शब्द नेमके कुणाला वाचवतात? तुम्ही स्वयंसेवकासाठी मागितलेली सवलत उद्या धनाढ्य कंपनीचा वकील न्यायालयात वापरील.

फत्तेगंजकर

वाडीकरांचा आक्षेप निर्देश लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आलेला दिसतो. सॉफ्टवेअर पैसे घेऊन दिले, किंवा त्याच्या बदल्यात वापरकर्त्याचा वैयक्तिक डेटा घेतला आणि तो केवळ सुरक्षा, सुसंगतता किंवा आंतरकार्यक्षमता (इतर प्रणालींबरोबर काम करण्याची क्षमता) सुधारण्यापलीकडे वापरला, तर तो व्यापारी व्यवहारच मानला जातो. किंमत शून्य ठेवून माहिती विकणारे यातून सुटत नाहीत. अर्थात सशुल्क सेवेभोवतीचा खुला कोड कोणत्या बाजूला पडेल, हे प्रकरणागणिक ठरेल.

मी विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र शिकवते, म्हणून एका उदाहरणाची आठवण करून देते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत (डेटा आकसून ठेवणाऱ्या, इतर सॉफ्टवेअरमध्ये बसवल्या जाणाऱ्या तयार कोडमध्ये) कोणीतरी जाणूनबुजून गुपचूप आत शिरण्याची चोरवाट पेरल्याचे उघड झाले. त्या व्यक्तीने दीर्घकाळ चांगले काम करून मूळ स्वयंसेवकाचा विश्वास मिळवला होता. रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेमागे लागलेल्या एका अभियंत्यामुळे हा प्रकार वेळीच पकडला गेला. त्या फसवल्या गेलेल्या, थकलेल्या स्वयंसेवकावर भरपाईचा दावा टाकून सुरक्षितता कशी वाढली असती, ते वाडीकरांनी सांगावे. त्याने लायब्ररी सोडून दिली असती, इतकेच.

मकरपुरेकर

चर्चेत ज्यांच्या माथी हे सगळे येणार आहे त्यांच्यापैकी मी एक. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. भट्ट्यांचे तापमान नियंत्रित करणारी उपकरणे आम्ही बनवतो आणि त्यातली काही युरोपात जातात. उपकरणाच्या आत लिनक्स आहे, इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवण्यासाठी ओपनएसएसएल ही मुक्त लायब्ररी आहे आणि आमच्या अभियंत्याने जमवलेल्या आणखी कितीतरी लायब्ररी आहेत, ज्यांचे लेखक कोण हे आम्हाला ठाऊकही नाही.

निर्मात्याचे दायित्व तर आहेच. शिवाय निर्माता संघाबाहेरचा असेल तर तिथल्या आयातदारालाही भरपाईसाठी धरता येते. आयातदार काय करील? आमच्याकडून नुकसानभरपाईचे हमीपत्र लिहून घेईल, कारण त्याला मला गाठता येते. मला मात्र त्या अनाम लेखकाला गाठता येत नाही आणि गाठता आले तरी कायदा त्याला वगळतो. रावपुरेकरांची रेषा कागदावर नीट दिसते, पण दायित्व साखळीतल्या सर्वांत श्रीमंत कड्यावर न पडता जे सापडते त्या कड्यावर पडते. युरोपात विकणारा मोठा उद्योग विमा काढील आणि प्रत्येक लायब्ररी तपासायला माणसे ठेवील. आम्ही ते कशाच्या बळावर करायचे?

आणखी एक अडचण अपडेटची. विकल्यानंतरही सॉफ्टवेअर निर्मात्याच्या नियंत्रणात असेल, तर सुरक्षेसाठी लागणारे अपडेट न दिल्यामुळे राहिलेला दोष त्याच्याच नावावर येतो. म्हणजे मूळ लेखकाने लायब्ररी सोडून दिली की तिची देखभाल आपोआप माझ्या गळ्यात पडते.

सयाजीगंजकर

वकिलीच्या व्यवसायात असल्याने भारतातली स्थिती मांडतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या सहाव्या प्रकरणात, कलम ८२ ते ८७ मध्ये, उत्पादन दायित्व आहे. तिथे 'उत्पादन' म्हणजे वायू, द्रव किंवा घन अवस्थेतली, व्यापारासाठी निर्माण केलेली वस्तू. नुसता डाउनलोड केलेला कोड या व्याख्येत बसतो की नाही, यावर वाद घालता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तयार पाकिटबंद सॉफ्टवेअरला 'माल' मानले होते, पण तो प्रश्न विक्रीकराचा होता. तो निर्णय इथे जसाच्या तसा चिकटवणे धाडसाचे ठरेल.

मोबदल्याचे तत्त्व मात्र आपल्या कायद्यात आधीपासून आहे. मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक, आणि विनामूल्य दिलेली सेवा ही 'सेवा' या व्याख्येतच येत नाही. उलट इतरांनी बनवलेले भाग जुळवणारा किंवा दुसऱ्याच्या उत्पादनावर आपले चिन्ह लावणारा इथेही 'उत्पादन निर्माता' ठरतो. तेव्हा मकरपुरेकरांची स्थिती बडोद्यातल्या ग्राहक आयोगापुढेही फारशी निराळी नसेल. सामान्य अपकृत्य कायद्याखाली (करार नसतानाही दुसऱ्याला केलेल्या हानीची भरपाई देववणाऱ्या कायद्याखाली) निष्काळजीपणाचा दावा विनामूल्य देणाऱ्यावरही होऊ शकतो, परंतु त्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. वाडीकरांच्या रांजणातल्या पालीचे उत्तर तिथे आहे.

वाडीकर

सिद्ध करायचे कुणी? भाजलेल्या कामगाराने? त्याला कोड वाचता येत नाही. म्हणूनच तर निष्काळजीपणाची अट काढून टाकणारे कायदे आले. स्वयंसेवकाला दिवाळखोर करावे असे माझे म्हणणे नाही. पण २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड नावाचा, सर्व्हरमधली गुप्त माहिती बाहेर फुटू देणारा दोष उघडकीला आला, तेव्हा इंटरनेटचा मोठा भाग ज्यावर उभा होता तो कोड जेमतेम काही माणसे सांभाळत असल्याचे जगाला कळले. कुणावरच दायित्व नसते तेव्हा अशी स्थिती निर्माण होते, आणि 'लेखकाला वगळा' म्हणून ती सुधारत नाही.

रावपुरेकर

दायित्व नव्हते ते लेखकापेक्षा वापरणाऱ्यांवर. हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला, तो लेखकावर खटला भरून नव्हे. मकरपुरेकरांची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर मला एकच उपाय दिसतो : ज्या लायब्ररीवर उपकरणाची सुरक्षा अवलंबून आहे तिच्या लेखकाशी देखभालीचा सशुल्क करार करावा. मग आम्ही व्यापारी व्यवहारात येऊ, दायित्वही येईल आणि ते आम्ही दरात धरू.

सयाजीगंजकर

थोडी भर घालतो. नव्या निर्देशात अशी मुभा आहे की सॉफ्टवेअरचा घटक पुरवणारा सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल, तर तो बसवणारा निर्माता त्याच्याकडून वसुली करण्याचा आपला हक्क कराराने सोडू शकतो. पीडिताचा दावा त्यामुळे कमी होत नाही. फक्त शेवटचा भार कुणी सोसायचा, एवढेच दोघांत ठरते.

मकरपुरेकर

म्हणजे पैसेही मी द्यायचे आणि वसुलीचा हक्कही मीच सोडायचा. तरीही एका अटीवर मी हे मान्य करीन. दोष कळवल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती मिळेल, हे त्याच करारात लिहून द्यावे आणि ती मुदत टळली तर वसुलीचा हक्क मला परत मिळावा. माझे आयातदार माझ्याकडून नेमके हेच मागत आहेत.

रावपुरेकर

एका लायब्ररीपुरते हे जमेल. तुमच्या उपकरणात अशा किती आहेत, याची यादी आधी करा.