गुरुबाणीचे व्याकरण आणि उच्चार

प्रश्न: नांदेडला राहत असल्याने हजूर साहिब गुरुद्वारात माझे नेहमी जाणे होते आणि गुरुमुखी लिपी आता वाचता येते, परंतु गुरुबाणीत, म्हणजे शीखांच्या ग्रंथसाहिब या धर्मग्रंथातील पदांत, ‘सचु’, ‘गुरि’, ‘मनि’ असे लिहिलेले शब्द पाठी (पाठ म्हणणारे) मात्र ‘सच’, ‘गुर’, ‘मन’ असे म्हणतात. मग त्या उकार-वेलांटीचे प्रयोजन काय?

उत्तर १: ही चिन्हे बहुतेक ठिकाणी विभक्ती दाखवतात. ‘नानकु’ हा एकवचनी कर्ता, ‘नानकि’ म्हणजे नानकांनी, आणि नुसते ‘नानक’ हे पुष्कळदा संबोधन असते. ‘मनि’ म्हणजे मनात. ज्ञानेश्वरीतला ‘गणेशु’ आठवा, हा उकार त्याच घराण्यातला आहे. ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. आपण तेथून आरंभ करावा, कारण मराठी कानाला ती लवकर उलगडतात. गुरुबाणीचे व्याकरणकार प्राध्यापक साहिब सिंग यांनी हे नियम बाणीतूनच शोधून मांडले.

उत्तर २: वरील उत्तराला एक जोड देतो. ग्रंथसाहिबाच्या जुन्या प्रतींत शब्द न तोडता सलग लिहीत, त्यामुळे पदच्छेद कोठे करायचा हे व्याकरणच सांगते. उच्चाराचे मात्र केवळ पुस्तकावरून भागत नाही: ‘नाही’ असे लिहिलेले अनेक पाठी ‘नाहीं’ असे सानुनासिक म्हणतात, आणि अशा बाबतींत परंपरांमध्ये मतभेदही आहेत. पंजाबीत या शिक्षणाला ‘संथिया’ म्हणतात, म्हणजे आपली संथाच. ती जाणत्या ग्रंथींसमोर (गुरुद्वारातील ग्रंथवाचकांसमोर) बसून, ओळ म्हणून दाखवत घ्यावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज ‘मनि’ शब्द ‘मनात’ असा वाचला आणि अडलेली ओळ लागली.